डावीकडे झुकलेली गाठ

त्या छोट्याशा वाहिनीवर संध्याकाळी हवामान सांगणाऱ्या माणसाला सगळे ढगोबा म्हणत. चाळिशी उलटलेली, लग्नाचा योग काही आला नव्हता, घरी फक्त वडील. त्याचे निम्मे अंदाज चुकायचे, तरी लोक त्याला आवडीने ऐकायचे. कोट नीटनेटका, दाढी गुळगुळीत. टायची गाठ मात्र कायम डावीकडे झुकलेली.

वाहिनीवर नवी वेशभूषाकार आली तेव्हा साहेबांनी तिला पहिलं काम दिलं ते ही गाठ सरळ करायचं. तिचा हात बसलेला होता. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी ती रोज त्याची गाठ सोडायची आणि काटेकोर सरळ बांधायची. तो मान वर करून मुकाट उभा राहायचा. थोड्याच दिवसांत तो दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यासारखा दिसायला लागला आणि पडद्यावर तो तिलाच बघवेना. एकदा तिने गाठ जराशी वाकडी बांधून पाहिली, पण ते सोंग लगेच कळत होतं.

शेवटी तिने त्याला विचारलं, घरी टाय बांधता कसा? तो लाजला. म्हणाला, बाबा बांधतात. बाबांनी जन्मभर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं. त्यांना टाय फक्त स्वतःच्या गळ्यात बांधता येतो, म्हणून ते याच्या मागे स्टुलावर उभे राहून हात पुढे घेतात. चणीने लहान, आरशात बघायला डाव्या खांद्यावरून वाकतात आणि गाठही तिकडेच ओढली जाते.

"तुम्हाला स्वतःला येत नाही?"

"येतो की, कॉलेजपासून येतो. त्यांना सांगितलं नाही एवढंच." मग म्हणाला, "हल्ली फार आवळतात. टीव्हीवर वेगळी गाठ दिसते ना, त्यांना वाटतं आपली वाटेतच सुटते."

तिचे हात तिथेच थांबले. त्या दिवसापासून तिने त्याच्या टायला हात लावला नाही. साहेब कुरकुरले, तेव्हा तिने त्यांना सांगितलं की माणूस पुन्हा माणसासारखा दिसतोय, आता राहू द्या. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. ती आता फक्त त्याच्या कपाळावर पावडर लावायची. कामापेक्षा थोडा जास्तच वेळ लावायची.

पुढे एका रविवारी त्याने तिला घरी चहाला बोलावलं. दार बाबांनीच उघडलं. पाहुणी येणार म्हणून त्यांनीही टाय चढवला होता, आणि त्यांच्या गळ्यातली गाठ नाकासमोर सरळ होती. ती आणि ढगोबा एकमेकांकडे बघायचं टाळत बसले. कप हातात देता देता बाबांनी अभिमानाने विचारलं, "काय, कसा दिसतो आमचा ढगोबा टीव्हीवर?"

"छान दिसतो," ती म्हणाली. आपण त्याला अरेतुरे केलं, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.