लगाम ओढला की नाच

मी एक म्हातारी घोडी आहे. माझ्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा वण आहे. मित्रांनो, त्या वणाची गोष्ट सांगते.

माझं तरुणपण नागपूरच्या महाल भागात, धोंडबाच्या तबेल्यात गेलं. तो मला लग्नाच्या वरातींना भाड्याने द्यायचा. नाचणारी घोडी लोकांना आवडते, म्हणून त्याने मला नाच शिकवला. लगाम खेचायचा आणि पुढच्या पायांवर बांबू हाणायचा. पाय उचलले की मार थांबायचा. लगामाच्या काटेरी कडीने तोंड फाटायचं, आणि वऱ्हाडी टाळ्या वाजवायचे.

पुढे कोराडी रस्त्यावरच्या घोडेस्वारीच्या शाळेने मला विकत घेतलं. जितेंद्र सर पाठीवर बसून मला तोल सांभाळायचा नवा धडा देऊ लागले. मंद दौडीत गोल फिरायचं आणि वळणावर कलंडायचं नाही. वळण आलं की ते लगाम आखडत. मी लगेच नाचू लागे. चाबूक बसे. मला वाटे, नाच कमी पडला. मी पाय आणखी उंच उचले, चाबूक आणखी जोरात बसे. रक्त घामात मिसळून पोटाखाली ठिबके.

एका सकाळी त्यांनी लगाम इतका ओढला, की मी मागच्या पायांवर उभी राहिले आणि त्यांच्यासकट उलटी पडले. त्यांच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

हात प्लास्टरमध्ये घालून ते परत आले. म्हणाले, "हिले धोंडबाले परत देऊन टाकू." बांबू आठवून मी मागच्या भिंतीपर्यंत सरकले.

त्यांची विद्यार्थिनी दामिनी पुढे आली. तिने मला आपल्या भावाच्या वरातीत धोंडबाच्या लगामावर आणि बांबूवर नाचताना पाहिलं होतं.

"सर, ही जिद्द करून नाही राहिली. लगाम खेचला की नाचायचं, हेच हिले मारून शिकवलं. तुम्ही सांगून राहिले, तेच करून राहिली."

सरांनी खुंटीवरचा लगाम काढून तिच्या हाती दिला. "मंग तूच बस वं," ते म्हणाले. "पडली तर दवाखान्यात माझी खाट रिकामीच आहे."

दामिनीने कडी तळहातात धरून ऊबदार केली, मग माझ्या तोंडात घातली. दौड सुरू झाली. वळण आलं. मी मार खायला कान पाडले. तिने लगाम ढिला सोडला आणि फक्त आपलं वजन आत झुकवलं. माझा पाय घसरला. पण कडीने तोंड ओरबाडलं नाही. मग मीच मान खाली घेतली, पाठ उचलली आणि वळण पार केलं.

धोंडबाकडे पाठवायचं रद्द झालं. सर मला थोपटायला आले, तेव्हा मी दात विचकले. ते रागावले नाहीत. हात मागे घेऊन उभे राहिले.

मित्रांनो, अजूनही रस्त्यावरून वरात गेली की माझे पाय आपोआप उचलले जातात. तुमच्या हाती एखादा जीव आला आणि तो सारखा चुकू लागला, तर हात उगारण्याआधी एवढं विचारा: याला आधी कोणी, काय शिकवलं?