माजिवड्याला घ्यायला

फिरतीची नोकरी नवऱ्याची असली की लोक बायकोला विचारतात, "एकटीला कंटाळा येत असेल ना हो?" तीच नोकरी बायकोची असली की नवऱ्याला विचारतात, "मग जेवणाचं काय करता?" जसा काही पुरुष एकटा पडला की फक्त पोटानेच पडतो. ठाण्यात बाळकुमच्या एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या सम्यकला हा प्रश्न आठवड्यातून चारदा तरी लिफ्टमध्ये यायचा. तो दात दाखवून "चाललंय" म्हणायचा. काय चाललं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

त्याची बायको माया डायलिसिसची मशीनं विकणाऱ्या कंपनीत होती. हॉस्पिटलात नवं मशीन बसलं की तिथल्या नर्सना ते चालवायला शिकवायचं, हे तिचं काम. आज नांदेड, परवा इंदूर, मग रायपूर. सोमवारी पहाटे बॅग ओढत निघायची ती शुक्रवारी यायची. कधीकधी त्याच्या पुढच्या शुक्रवारी. बढती मिळाली तेव्हा ती दोन दिवस घुटमळत होती, आणि "घे, मी आहे ना इथे" असं सम्यकनेच छाती पुढे काढून सांगितलेलं. आता कुणाच्या नावाने खडे फोडणार?

तेव्हा बाबा बरे होते, हेही खरं. धोंडिबा, सम्यकचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. ठाण्यातल्या एका रंगाच्या कंपनीत पस्तीस वर्षं तिन्ही पाळ्या केलेला माणूस. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायला लागले, मग जेवलो की नाही ते, मग संडास कुठल्या दारामागे आहे ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, आता हे वाढतच जाणार, त्यांच्याशी वाद घालू नका. सांगायला काय जातं.

सम्यकने घरून काम मागून घेतलं. विमा कंपनीच्या तक्रारींचे फोन. एका कानात हेडफोन, दुसरा कान बाथरूमकडे. सकाळी बापाला आंघोळ घालायची. बाप लाजायचा, अंगाचं मुटकुळं करून बसायचा, कधी तांब्या हिसकावून घ्यायचा. मग कपडे, मग गोळ्या, मग तांदळाच्या डब्यात लपवलेली कवळी शोधायची, मग "सर, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." त्यांना सांभाळायला बाया ठेवल्या नाहीत असं नाही. तीन ठेवल्या. एकीला धोंडिबांनी चोर ठरवलं, दुसरी नुसती मोबाइलवर, आणि तिसरी सांगून गेली की दादा, तुमचे वडील देवमाणूस आहेत, पण माझ्याच्याने नाही होणार. देवमाणूस म्हणून लोक किती पटकन सुटतात, नाही?

आणि दिवसभर एकच प्रश्न.

"समू, माया कवा यायची?"

"उद्या, बाबा."

सोमवारी उद्या, मंगळवारीही उद्या. वाद घालायचा नाही ना, मग उद्या. म्हातारा समाधानाने मान हलवायचा आणि वीस मिनिटांनी पुन्हा विचारायचा. सुनेवर त्यांचा जीव होता. ती घरी असली की तिच्या मागेमागे स्वयंपाकघरात फिरायचे. ती शनिवारी त्यांची नखं कापायची, तेव्हा लहान मुलासारखे हात पुढे करून बसायचे. सम्यकने कात्री घेतली की मूठ आवळायचे.

मायालाही काळजी नव्हती असं कोण म्हणेल? तिनेच सोसायटीच्या ॲपवर व्यवस्था करून ठेवलेली. आजोबा एकटे गेटवर आले, तर वॉचमनने आधी विचारायचं. घरच्यांपैकी कुणी फोनवर 'हो' दाबलं तरच सोडायचं. ती सूचना दोघांच्याही मोबाइलवर जायची. दोन कुलपं आहेत, ती म्हणाली होती. आता गंमत बघा, की त्याच ॲपवर पार्सलवाला, भाजीवाला, इस्त्रीवाला, गॅसवाला, सगळे दिवसभर येतात. 'हो' दाबून दाबून बोटाला सवय होते, डोळ्याची गरजच उरत नाही.

त्या बुधवारी माया रायपूरला होती, सलग दहावा दिवस. सकाळी दूध उतू गेलं. एक गिऱ्हाईक फोनवर आईबहिणीवरून बोलत होतं. आणि धोंडिबांनी दहाच्या आत सातव्यांदा विचारलं, "माया कवा यायची?"

सम्यकने हेडफोन काढून टेबलावर आपटला. "आज येणारे. आज, चारच्या गाडीने. झालं समाधान?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मंग घ्यायला जाया पायजे," ते म्हणाले.

सम्यकने तोवर हेडफोन परत चढवला होता. ऐकलं त्याने, पण मनावर घेतलं नाही, आणि तिथेच चुकला. कारण मूळच्या कोरेगावकडच्या या घराची रीतच तशी. परगावाहून सामान घेऊन येणारं माणूस स्टँडवरून एकटं घरी येत नाही. कुणीतरी घ्यायला जातं, पाणी घेऊन. सम्यकची आई शांताबाई गावाहून यायची, तेव्हा धोंडिबा अर्धी पाळी टाकून माजिवड्याच्या बसथांब्यावर उभे राहायचे. लोक हसायचे. ती काय रस्ता चुकणारेय का, म्हणायचे. धोंडिबा म्हणायचे, रस्ता सापडतोच, पण माणूस आलंय हे कुणाला तरी कळाया पायजे ना.

दुपारी दोन वाजता सम्यकची एक मीटिंग सुरू झाली. फोन सायलेंटवर. ती संपली तीन वाजून दहा मिनिटांनी. तो बाबांच्या खोलीत गेला, तर पलंग रिकामा. बाथरूम रिकामं. गॅलरीत जाऊन त्याने आधी खाली पाहिलं, चौदा मजले खाली, आणि खाली काही नाही हे बघून भिंतीला टेकला. चौदा एप्रिलला घालायचा पांढरा शर्ट हँगरवर नव्हता. पाण्याची बाटली नव्हती. दार नुसतं ओढून घेतलेलं.

मोबाइलवर ॲपची सूचना होती, दोन वाजून सात मिनिटांची. आजोबा एकटे बाहेर जात आहेत. आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत, परवानगी दिली, माया.

"साहेब, मी विचारलं ना," गेटवरचा शिवराम म्हणाला. त्याचाही चेहरा उतरलेला. "ॲपवर हो आलं, म्हणून सोडलं. आजोबा खुशीत होते. जरा जाऊन येतो म्हणाले."

पांढरा शर्ट म्हणून सम्यक आधी विहाराकडे पळाला. विहार बंद होतं. मग बाग, मग नाका, मग केस कापायचं दुकान. मोबाइलवरचा फोटो लोकांच्या तोंडासमोर धरत तो विचारत सुटला. लोक फोटो बघायचे, मग त्याच्याकडे बघायचे, आणि म्हणायचे, घरात कुणी बाई नाही का लक्ष ठेवायला? एकाला तर तो मारायलाच निघाला होता. मायाला चार फोन केले. उचलले नाहीत.

मग तो खाडीकडे गेला. बाळकुमच्या मागे खाडी आहे, सगळ्यांना माहितीये, आणि कुणी तिचं नाव काढत नाही. ओहोटी होती. नुसता चिखल, कांदळवन, प्लॅस्टिकच्या पिशव्या. तो पांढरा शर्ट शोधत काठाने चालला, आणि प्रत्येक पांढऱ्या पिशवीपाशी थांबून वाकून बघायचा. खोटं कशाला सांगा, तिथे उभं असताना त्याच्या मनात आलं, की नाहीच सापडले तर? उद्या सकाळी आंघोळ घालायची नाही. कवळी शोधायची नाही. कुणी काही विचारणार नाही. एवढंच आलं, क्षणभर, आणि त्या एका क्षणात त्याला बरं वाटलं. दुसऱ्या क्षणी तो चिखलात उकिडवा बसून ओकला. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला झालं.

तेवढ्यात मायाचा फोन आला. "वॉर्डमध्ये होते रे. काय झालं?"

"बाबा गेले," तो म्हणाला. आणि ती पलीकडे किंचाळायच्या आत, "म्हणजे हरवलेत. तू सोडलंस त्यांना. दोन वाजून सात मिनिटांनी तुझ्या बोटाने हो दाबलंय. वाचता येत नाही का तुला? एक काम होतं तुझ्याकडे माया, इतक्या लांबून करायचं एकच काम."

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला वाटलं गॅसवाला असेल. पेशंट होता समोर."

"तुझे पेशंट. माझ्याकडेही एक पेशंट होता."

"सम्यक, मला नंतर काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन. आधी सांग, सकाळी तू त्यांना काय सांगितलंस?"

तो चपलेचा चिखल दगडाला घासत राहिला.

"मी कधी येणार म्हणून सांगितलंस?"

"आज," तो म्हणाला. "चारच्या गाडीने. डोकं फिरलं होतं माझं."

"मग ते मला घ्यायला गेलेत," माया म्हणाली आणि रडायला लागली. "माजिवड्याला जा. आईंना घ्यायला तिथेच जायचे ना. पळ तू."

हजार किलोमीटरवरून तिला कळलं. सकाळ-संध्याकाळ ज्याने बापाचं हागणं-मुतणं काढलं, त्याला नाही कळलं. हे सम्यकला लागलं, पण लागल्याचं बघायला वेळ कुठे होता? रिक्षा कपूरबावडीला गर्दीत अडकली, तसा तो उतरून पळत सुटला. मेट्रोच्या कामाचे पत्रे, धूळ, हॉर्न, घोडबंदरकडे वळणाऱ्या गाड्यांची न हलणारी रांग. या गर्दीतून तो म्हातारा चालत गेला असेल या विचाराने तो आणखी जोरात पळाला.

पुलाखाली, पुण्याच्या गाड्या थांबतात तिथे, धोंडिबा उभे होते. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाचा अंगठा फुटून रक्त वाळलेलं. हातात पाण्याची गच्च भरलेली बाटली. येईल त्या बसच्या दारात डोकावून बघत होते. कंडक्टर हात झटकायचे, ते बाजूला व्हायचे, पुन्हा पुढच्या बसकडे जायचे.

"बाबा," सम्यकने त्यांना धरलं. "बाबा, चला घरी."

धोंडिबांनी हात सोडवून घेतला. "साहेब, पुण्याची चारची गाडी गेली का वं?"

"बाबा, मी समू."

"समू कामाला गेलाय," ते म्हणाले. "मी सुनंला न्यायला आलोय."

ओठ फुटलेले त्यांचे. तीन तास झाले असतील. सम्यकने बाटलीचं झाकण उघडून तोंडाशी नेली, तर त्यांनी ती छातीशी कवटाळली. "ते तिचं हाय. परवासातून यील ती." सम्यकने पुन्हा हात धरला, जरा जोराने, तसे ते ओरडायला लागले, सोडा, सोडा म्हणून. दोन-तीन माणसं थांबली. एक जण म्हणाला, "ओ भाऊ, कोण आहात तुम्ही? काय करताय आजोबांना?"

"मुलगा आहे मी त्यांचा," सम्यक म्हणाला. लोकांनी धोंडिबांकडे पाहिलं. धोंडिबांनी मान हलवली. नाही.

मग त्याने मायाला व्हिडिओ लावला आणि मोबाइल बापासमोर धरला.

"अगं, कुठं हायस तू?" धोंडिबा एकदम म्हणाले. "गाडी न्हाई आली तुजी."

"चुकली बाबा माझी गाडी," माया म्हणाली. "तुम्ही घरी जा. हा समू आहे ना समोर, आपला समू."

"ह्यो न्हवं समू."

मायाने डोळे पुसले. "बरं," ती म्हणाली. "हे आपल्या बिल्डिंगमधले आहेत. मी ओळखते यांना. चांगले आहेत हो, बाबा. तुम्हाला नीट घरी सोडतील. जाल त्यांच्याबरोबर?"

धोंडिबांनी सम्यकला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "तू म्हणतीस तर जातो," ते म्हणाले.

रिक्षात ते शांत बसले. मायाने फोनवर सांगितल्यावर पाणीही प्यायले, अर्धी बाटली. सम्यकने रुमाल ओला करून त्यांचा अंगठा बांधला. त्यांनी बांधू दिला. कधी नव्हे ते पाय पुढे केला.

"लई तरास दिला तुमास्नी," ते म्हणाले. "घरी कोन कोन असतं तुमच्या?"

"बायको आहे. फिरतीवर असते. आणि वडील आहेत."

"वय काय वडलांचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मंग आत्ता त्यांच्यापाशी कोन हाय?"

सम्यक अंगठ्यावरच्या रुमालाची गाठ पुन्हा आवळायला लागला.

"आन् तुमी हितं माज्यासंगं फिरताय," धोंडिबा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरीची काळजी होती. "असं करू नगा. म्हातारं मानूस एकलं असलं की घाबरतं, त्याला सांगता येत न्हाई. मला हितंच सोडा, मी जाईन चालत. तुमी आदी बापाकडं जा." आणि त्यांनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला आणि रिक्षा बाजूला घ्यायला सांगू लागले.