सात कुंड्यांतली शेवटची रानकोबी

मित्रांनो, मी रानकोबीचं एक म्हातारं झाड आहे आणि चवीला कडू आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तोंड वाकडं करायला नको. माझं वय अकरा वर्षं. बाजारातल्या गड्ड्याला सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही, कारण त्याला बिचाऱ्याला चार महिन्यांतच कापतात.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल ही सगळी आमचीच भावकी. माणसांनी निवडून निवडून त्यांना गोड केलं, गुबगुबीत केलं, लाडावून ठेवलं. आम्ही समुद्रकाठच्या कड्यावर खारा वारा खात जशा होतो तशाच राहिलो. कापलेलं सफरचंद हवेनं काळं पडतं, हे तुम्ही पाहिलं असेल. जिवंत पानातही तशी झीज होतच असते. ती रोखणारी द्रव्यं आम्ही आमच्या पानांत तयार करतो, कारण कड्यावर आमची काळजी घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. त्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

मी दोन वर्षांची होते तेव्हा एक बाई दोरीला धरून कड्यावरून खाली उतरल्या. त्या रसायनशास्त्राच्या संशोधक. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांनी आमच्यातली सात झाडं मुळांसकट काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात सात कुंड्यांत लावली. अंगण कसलं, पाण्याची टाकी, पत्र्याची शेड आणि एक नळ. पण ऊन चांगलं यायचं. शेजारच्या वाफ्यात बाजारातला कोबी असायचा, तुलनेसाठी.

दर पंधरा दिवसांनी आमची पानं तोडायचे. खिडकीतून मला आतलं दिसायचं. पान वाटून त्याचा अर्क काढायचे आणि तो एका जांभळ्या पाण्यात टाकायचे. द्रव्य जितकं जास्त, तितकं ते पाणी लवकर पिवळं पडायचं. गड्ड्याच्या अर्कानं पाणी जांभळटच राहायचं. माझ्या अर्कानं बघता बघता पिवळं झालं. मॅडम खुर्चीतून उठल्या, खिडकीशी आल्या आणि माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. माझ्याकडे कोणी असं कधी बघितलं नव्हतं.

मॅडमचा एक नियम होता. फुलोरा दिसला की खुडायचा. झाड फुलावर आलं की पानातली द्रव्यं बदलतात आणि मग वर्षावर्षाची तुलना जमत नाही. खुडायचं काम माळीकाकांचं. वाळलेल्या बोटांचे, कमी बोलणारे गृहस्थ. दर वर्षी आमच्या शेंड्यांवर कळ्यांचे घोस यायचे आणि काका कात्री घेऊन यायचे. कात्री चालवण्याआधी ते मॅडमना एकदा विचारून बघायचे.

"मॅडम, यंदा दोन कुंड्या फुलू द्या की. बी धरेल."

"पुढच्या वर्षी नक्की, काका. यंदा मोजणी मोडायला नको."

पुढच्या वर्षी काका पुन्हा विचारायचे आणि मॅडम पुन्हा तेच सांगायच्या. असं सात वर्षं चाललं. मॅडम वाईट नव्हत्या. कडक उन्हात आमच्यावर स्वतःची छत्री उघडून ठेवायच्या. पण त्यांना आमचं पान दिसायचं, झाड दिसायचं नाही.

आणि झाडं म्हातारी होतात, मित्रांनो. पहिली कुंडी मुळं कुजून गेली. दोन झाडं एका लांब सुट्टीत पाण्यावाचून वाळली, कारण नळाची चावी कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दोघींना अळ्यांनी खाल्लं. उरलो मी आणि माझी शेजारीण. तिचं खोड वाकडं होतं म्हणून काका तिला वाकडाबाई म्हणायचे. आमची पानं वाऱ्यानं एकमेकींना लागायची. एवढ्या वर्षांत माझं खरं माणूस म्हणाल तर तीच.

मग शेवटच्या अहवालाची घाई सुरू झाली. मुळांमधल्या द्रव्यांचे आकडे हवे होते. काका तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस रजेवर होते. मॅडमनी दोन्ही कुंड्यांकडे पाहिलं आणि मदतनीस बाईंना म्हणाल्या, "वाकडं घ्या. सरळ झाड बियांसाठी ठेवू. एक पुरे आहे."

वाकडाबाईला कुंडीतून उपटलं, मुळं धुतली, तुकडे केले आणि वाटलं. जांभळं पाणी तिनंही पिवळं केलं. फार लवकर केलं. आत सगळे खूश होते. माझ्या पानांना त्या बाजूनं काहीच लागत नव्हतं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

काका परत आले ते पिशवीत पेढेबिढे काही न घेता, थेट आमच्याकडे. नातीची गोष्ट सांगायला आले होते. रिकामी कुंडी बघून थांबले.

"मॅडम, दुसरी कुठंय?"

"तपासणीला घेतली. ही आहे ना अजून. आता हिला फुलू देऊ, काका. तुमच्या मनासारखं."

काका पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. "ही स्वतःच्या परागानं बी धरत नाही, मॅडम. हिला दुसरं झाड लागतं. दोन लागतात."

मॅडमनी रिकाम्या कुंडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"दर वर्षी म्हणालो की, दोन कुंड्या फुलू द्या. तुम्ही एवढ्या शिकलेल्या. मला वाटलं, माहीत असेल."

दुसऱ्या दिवशी मॅडम कड्यावर गेल्या. संध्याकाळी गोणपाट कोरडंच परत आलं. कडा रस्त्यासाठी तासला होता आणि उरलेल्या भिंतीवर जाळी ठोकून सिमेंट मारलं होतं. तिथं आता गवताची काडीही नाही, असं त्या काकांना सांगत होत्या. त्या रडत होत्या आणि काका नळाकडे बघत होते.

त्या वर्षी माझा फुलोरा कोणी खुडला नाही. शेजारच्या वाफ्यातला कोबी उपटून टाकला, म्हणजे त्याचा पराग माझ्यावर यायला नको. आयुष्यात पहिल्यांदा मी फुलले, पिवळीधमक. मधमाश्या आल्या. शेंगा धरल्या, पण दाबून बघितल्या तर सगळ्या पोकळ.

मॅडमनी पुस्तकं धुंडाळली. उमललेल्या फुलात झाड स्वतःचा पराग ओळखून नाकारतं, पण कळी कोवळी असताना ती ओळख पक्की झालेली नसते. कळी आधीच उकलून आत त्याच झाडाच्या उमललेल्या फुलाचा पराग ठेवला तर एखादं बी धरू शकतं. मग त्या आणि काका दोन स्टुलं टाकून माझ्यासमोर बसले. मॅडम चिमट्यानं कळी उकलायच्या, काका ब्रशनं पराग ठेवायचे. मॅडम भराभर पुढच्या कळीकडे वळायच्या.

"घाई नको, मॅडम," काका म्हणायचे. "आता कुठं जायचंय आपल्याला?"

दोनशे कळ्या उकलल्या. अकरा बिया धरल्या. त्यांतल्या नऊ चपट्या निघाल्या, दोन भरलेल्या. वरच्या साहेबांनी फोनवर विचारलं, बियांमधलं प्रमाण मोजता येईल का. मॅडमनी फोन ठेवून दिला. दोन कुंड्या भरल्या, एकेक बी पेरलं आणि माझ्या दोन्ही बाजूंना ठेवलं.

डावीकडच्या कुंडीत माझी लेक उगवली आहे. दोन पानांची, अशक्त. ती फुलायची होईल तेव्हा मी नसेन, माझं खोड आतून पोकळ झालं आहे. तिच्या कुंडीवर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे, पान तोडू नये. अशी चिठ्ठी मला नऊ वर्षांपूर्वी हवी होती.

मित्रांनो, आमच्यात चांगलं काय आहे ते जरूर शोधा. आम्हालाही कौतुक आवडतं. पण मोजायला बसण्याआधी आमची पिल्लं होऊ द्या आणि आम्हाला एकटं पाडू नका. एवढंच मागणं आहे.

उजवीकडच्या कुंडीत काहीच उगवलेलं नाही. दोन महिने झाले. काका रोज सकाळी तिलाही पाणी घालतात.