शेवटच्या रांगेची खुर्ची

मी एक खुर्ची. लाकडाची, उंच पाठीची. खुर्चीला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण गेली पाच वर्षं माझ्यावर कुणी बसलेलं नाही. लोक मला नुसतं धरतात.

सुताराने मला जेवणाच्या टेबलासाठी घडवलं. आम्ही सहा बहिणी. पुढे ते घर मोडलं, बहिणी पांगल्या आणि मी एका वाचनालयाच्या माडीवरच्या सभागृहात येऊन पडले. तिथे पूर्वेला तीन उंच खिडक्या आहेत. सकाळचं ऊन आत आलं की लाकडी जमीन पाण्यासारखी दिसते आणि मला वाटतं, मी काठावर उभी आहे.

त्या पाण्यात रोज दहा-बारा म्हातारी माणसं उतरतात. ताई ची नावाचा सावकाश व्यायाम करायला. शिकवणाऱ्या बाई पूर्वी परिचारिका होत्या. "घाई कसली? आता कुठे कामावर पोचायचंय?" एवढं म्हणून त्या हात उचलतात. मग सगळेच हात वर तरंगतात. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर हळूहळू ओतलं जातं. डोक्यावरचा पंखासुद्धा त्यांच्यापुढे उतावळा वाटतो.

मला शेवटच्या रांगेमागे ठेवलं होतं. कुणाचा तोल गेला तर हात मागे नेताच लागावी म्हणून. हात यायचा तो एकाच माणसाचा. टपाल कचेरीत चाळीस वर्षं त्यांनी पत्रं गावोगावच्या खणांत लावली होती, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. एके काळी पत्ता पुरता वाचायच्या आत त्यांचा हात नेमक्या खणात जायचा. आता चष्मा कुठे ठेवला ते आठवत नसे. त्यांची बोटं माझ्या पाठीवर टेकली की ती ओलसर लागायची. भीती आधी तळहातात उतरते, हे मला तेव्हा कळलं.

शेवटची रांग त्यांनी मुद्दाम धरली होती. पुढच्यांचं बघून करता येतं, लक्षात काही ठेवावं लागत नाही.

"मास्तर, कॉपी करून पास होणार तुम्ही," पुढच्या शिवणकामवाल्या आजी म्हणायच्या.

"तुमचीच करतो. तुम्ही चुकलात की मी नापास."

एके दिवशी त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी आली. परगावी राहणारी. माझ्या पाठीवर हात ठेवून ती बाईंशी हलक्या आवाजात बोलली, "आज शेवटचा दिवस. बाबांना मी माझ्याकडे नेतेय. डॉक्टर म्हणाले, हा व्यायाम डोक्यालाही चांगला आहे, पण गेलेलं सगळं परत आणेल असं नाही. परवा घरी येताना रस्ता विसरले. तासभर कुणाच्या तरी पायरीवर बसून होते."

"त्यांना यायचंय का तुमच्याकडे?"

"नाही. पण करू काय मी?"

बाई पुढे जाऊन म्हणाल्या, "आज थोडं वेगळं. अर्धं झालं की सगळ्यांनी मागे वळायचं. पुढचं नेहमीचंच, फक्त तोंड त्या भिंतीकडे."

अर्धं झालं. सगळे वळले. आणि शेवटची रांग पहिली झाली.

मास्तरांच्या पुढे आता कुणीच नव्हतं. फक्त मी आणि भिंत. त्यांचा हात माझ्याकडे निघाला. धरलं जाणं हेच माझं काम. तरी त्या क्षणी जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, यांनी मला धरू नये.

"चला मास्तर," मागून आजी म्हणाल्या, "आता आम्ही तुमची कॉपी करणार."

हात अर्ध्यात थांबला. मग तळवा वळला, पत्र उचलल्यासारखा. डावीकडे सरकला, वजन डाव्या पायावर गेलं. दुसरा हात उठला, उजवीकडे गेला. एक या खणात, एक त्या खणात. डोळे अर्धवट मिटलेले. मागे बारा माणसं ढगांसारखी इकडून तिकडे वाहत होती आणि मला वाटलं, भिंतसुद्धा थोडी सरकली. शेवटची हालचाल त्यांनी दोनदा केली. बाराही जणांनी ती निमूटपणे दोनदा केली.

"बाबा, ते शेवटचं दोनदा झालं," मुलगी म्हणाली.

"एक पत्र राहिलं होतं."

आजींनी पिशवी खांद्याला लावली. "माझं घर यांच्या वाटेवरच आहे. रोज आणेन आणि दारापर्यंत सोडेन. तुम्ही महिन्याला येऊन बघा. नाही जमलं तर न्या की, कोण अडवतंय?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. ती म्हणाली, "बघू एक महिना."

त्या महिन्याला आता तीन वर्षं झाली. मास्तर विसरतातच. कधी आजींना मुलीच्या नावाने हाक मारतात. त्या ओ देतात. शेवटची हालचाल अजून सगळे दोनदा करतात आणि नव्याने येणाऱ्यांना ती मूळचीच वाटते.

माझा मागचा पाय आता डुगडुगतो. मला अडगळीत टाकायचं बोलणं चाललंय. टाका, माझी तक्रार नाही. फक्त माझ्या जागी दुसरं काहीतरी ठेवा. माणूस वळतो तेव्हा समोर नुसती भिंत नसावी. धरलं नाही तरी चालेल, पण धरता येईल असं काहीतरी हाताजवळ असावं.