आठ फळ्यांचं आसन

शांताआजी कळव्याला मुलाकडे राहायला जाणार होत्या आणि तिथल्या खोलीत त्यांचा सागवानी पलंग मावणार नव्हता. तो त्यांनी मोहने गावातल्या आमच्या विहाराला दिला. विकायचा नाही, त्याचं बुद्धमूर्तीसाठी आसन करायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. काम माझ्या पप्पांकडे आलं. पस्तीस वर्षं त्यांनी दारं, खिडक्या आणि कपाटं केली आहेत. म्हणजे पस्तीस वर्षं काटकोनच.

आसन मात्र आठ बाजूंचं हवं होतं, अष्टांगिक मार्गाचं म्हणून. शिवाय खाली रुंद आणि वर निमुळतं. माथ्यावर ग्रॅनाइट बसणार होतं, त्यामुळे लाकूड फक्त बाजूंना लागणार होतं. पलंग सुटा केल्यावर इंचभर जाडीच्या बरोब्बर आठ फळ्या निघाल्या. नववी नव्हती, आणि त्या रंगाचं जुनं सागवान आता शोधूनही मिळालं नसतं. वैशाख पौर्णिमेला बारा दिवस होते.

पप्पा अंशांत मोजत नाहीत. त्यांना उस्तादांनी शिकवलेलं की अष्टकोनासाठी बारा इंच आडवे आणि पाच इंच उभे घ्यायचे, मग जी तिरकी रेघ येते तिच्यावर कापायचं. मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलंय. त्या रेघेचा कोन काढला तर २२.६२ अंश आला. हवा असतो साडेबावीस. कागदपेन्सिलीशिवाय एवढ्या जवळ पोचलेला तो उस्ताद मला बघायला आवडला असता.

पण हे सरळ उभ्या डब्यासाठी. बाजू आत कलल्या की प्रत्येक फळीला दोन तिरके काप एकदम द्यावे लागतात. एक फळी वर निमुळती व्हावी म्हणून, दुसरा शेजारच्या फळीशी सांधा बसावा म्हणून. आणि दुसरा कोन मग साडेबावीस राहत नाही, थोडा कमी होतो. आमच्या फळ्या पंधरा अंश कलणार होत्या. मी त्रिकोणमितीने काढलं: मशीनवर काप आडवा ६.१ अंश वळवायचा आणि पातं २१.७ अंश झुकवायचं.

पप्पांनी आकडे पाहिले आणि विचारलं, करून बघितलंस का. मी पातळ प्लायचे आठ तुकडे कापून आणले. डोंबिवलीत विनीतदादांचा फर्निचरचा कारखाना आहे, रविवारी त्यांनी मशीन वापरू दिलं होतं. तुकडे टेपने बांधले आणि आसनाचा छोटा नमुना टेबलावर उभा राहिला, कुठेही फट नाही. पप्पांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला. पुढच्या रविवारी आम्ही टेम्पोत आठ फळ्या घालून डोंबिवलीला गेलो आणि सोळा काप दिले.

घरी आणून पट्ट्याने आवळून पाहिल्या. सात सांधे छान मिटले. आठव्यात माझं बोट जात होतं.

मी हिशेब परत तपासला, बरोबर होता. मग नमुना आणून टेप सोडली. तुकडे लगेच सैल होऊन शेवटच्या सांध्यात उघडले. म्हणजे चूक तेव्हाही होती. पातळ प्लाय वाकला, टेपने ओढून घेतला आणि मी त्याला पुरावा मानलं. इंचभर जाडीचं सागवान कशाला वाकेल?

फटीवरून उलटा हिशेब केला. प्रत्येक काप पाव अंशाने कमी पडला होता. विनीतदादांच्या मशीनचा कोन दाखवणारा काटा तेवढा सरकलेला होता, आणि पाव अंश डोळ्यांना दिसत नाही. पण सोळा पाव म्हणजे चार अंश.

"सगळ्या परत कापूया," मी म्हणाले. "आता काट्याची चूक माहितीये. पाव अंश जास्त लावायचा."

"किती लाकूड जाईल?"

पात्याची जाडी धरून प्रत्येक फळीतून चार मिलिमीटर. अष्टकोनाची रुंदी बाजूच्या जवळजवळ अडीचपट असते, म्हणजे माथा एक सेंटीमीटरने लहान होणार. मूर्तीची बैठक माथ्यापेक्षा फक्त अर्धा सेंटीमीटर कमी होती. मी हे सांगता सांगताच थांबले.

"म्हणजे देव बाहेर लटकणार," पप्पा म्हणाले.

"पप्पा, बुद्ध देव नाही."

"मग तर अजूनच नाय लटकवायचं."

मग त्यांनी मला कडप्प्याची लादी आणायला लावली. मागच्या ओट्यावरची, एकदम सपाट. तिच्यावर जाड पॉलिश पेपर चिकटवला. दरम्यान त्यांनी आठ फळ्यांचे चार-चारचे दोन गट केले, प्रत्येक गटाचे तीन सांधे सरस लावून आवळले आणि एक दिवस सुकू दिले. आता आसनाचे दोन अर्धे भाग झाले होते. त्यांना जोडणारे दोन सांधे, आठवा धरून, अजून तसेच होते.

मला कळेपर्यंत वेळ लागला. आसनाचा बरोबर मधून उभा काप घेतला तर अर्ध्या भागाच्या दोन्ही कडा एकाच सपाट पातळीत आल्या पाहिजेत. त्या येत नव्हत्या, प्रत्येक कड साधारण एक अंशाने फिरलेली होती. पण एक अंश इंचभर जाडीवर अर्धा मिलिमीटरसुद्धा होत नाही. अर्धा भाग लादीवर ठेवायचा आणि दोन्ही कडा एकदम घासायच्या. लादी सपाट आहे, तर कडाही सपाट होणारच. कोन कुठलाच मोजायचा नाही.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुझा आठवा बसला असता तर कशाला सांगायचं? मला वाटलं बसेल."

दोन्ही बाजूंनी धरून आम्ही तासभर घासलं. अर्ध्या भागाचं वजन जवळजवळ अकरा किलो होतं आणि दर दहा मिनिटांनी पप्पा कडेवर पेन्सिलीच्या रेघा मारायचे. रेघा पूर्ण पुसल्या गेल्या की कड लादीला सगळीकडे टेकली. दुसरा भाग तसाच. मग दोघांना समोरासमोर उभं केलं. मी सांध्यामागे मोबाइलचा टॉर्च धरला. उजेड आला नाही.

नंतर मी कोन मोजले. सहा सांधे अर्ध्या अंशाने कमी होते आणि त्यांची सगळी कसर उरलेल्या दोन सांध्यांत गेली होती, प्रत्येकी दीड अंश. मी ते पप्पांना सांगितलं. कोण मोजणार आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी मोजलं ना. त्यांनी मला पॉलिशचा डबा धरायला दिला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारात आसन ठेवलं, ग्रॅनाइट बसवलं, मूर्ती वर चढवली. चारही बाजूंनी किती उरलं ते मी पट्टीने पाहिलं. अडीच मिलिमीटर.

शांताआजी कळव्याहून मुलाबरोबर आल्या होत्या. वंदना झाल्यावर त्या जवळ आल्या, आसनाच्या कडेला हात टेकला आणि अंगाचं सगळं वजन त्यावर टाकून हळूहळू खाली बसल्या. मग परत तसंच टेकून उठल्या. पप्पा बघत होते.

"भगवान," त्या पप्पांना म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी पलंगावर कूस बदलली की आख्ख्या चाळीला कुरकुर ऐकू जायची. आता मुकाट झालाय रे."