अध्याय संपेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात एक माग मोडीत निघाला, त्याच्या लाकडातून सखारामनानांनी मला करून घेतलं. नाना खानदेशातून सुरतेला आलेले, जन्मभर मागासमोर उभे राहिलेले. स्वतः फरशीवर बसून भाकरी खायचे आणि लेकाला, प्रकाशला, माझ्यावर बसवायचे.

प्रकाश शिकला, बँकेत साहेब झाला. घरात टेबल आलं आणि मी दाराआड गेलो. पुढे नानांना अर्धांगवायू झाला, त्यांची खाट आतल्या खोलीत गेली. अडगळीत आता आम्ही दोघं.

मग साहेबांना पोथीचं वेड लागलं. वाचायला बसायला पाट हवा म्हणून मला घासूनपुसून बाहेर काढलं. नानांना कोणी काढलं नाही.

त्या एकादशीला बैठकीची खोली बायामाणसांनी भरली होती. समोर आपलीच माणसं बघून अर्जुनाचे हात गळाले, तो रथात खाली बसला, इथवर वाचन आलं. तेवढ्यात आतून नानांची हाक आली.

"पकाश, माले घोटभर पानी दे रे."

प्रकाश वाचतच राहिला. त्याची बायको जयश्री अर्धी उठली. त्याने डोळे वटारून बोटानेच तिला बसवलं. अध्याय चालू असताना कोणी उठलं तर पारायण मोडतं, हा त्याचा नेम. शेजारच्या शकुंतलाबाई कुजबुजल्या, "म्हाताऱ्याला बरी नेमकी आत्ताच तहान लागते." दोघीतिघी फिसकन हसल्या. नानांनी पुन्हा हाक मारली. साहेबांनी आवाज चढवला. तिसरी हाक आलीच नाही.

अर्जुनाला बाण सोडण्याआधी प्रश्न पडला होता. या माणसाला बाप तहानलेला ठेवताना एकही पडला नाही.

आरती झाली, प्रसाद वाटून झाला, मग जयश्री तांब्या घेऊन आत गेली. तिचा हंबरडा ऐकून सगळे धावले. आता मात्र पाण्याला तोटा नव्हता. एकेकाने पुढे होऊन नानांच्या तोंडात गंगाजलाची पळी ओतली. ते गालावरून उशीत मुरत राहिलं.

"पोथी ऐकता ऐकता गेले. केवढं पुण्य," शकुंतलाबाई म्हणाल्या. प्रकाशने हात जोडले.

हल्ली मी देव्हाऱ्यासमोर असतो. पोथीचा पाट म्हणून लोक माझ्या पाया पडतात. जयश्री माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

मित्रांनो, मला हळदकुंकू वाहू नका. चुलीत घातलंत तरी माझी तक्रार नाही. पण आतून कोणी पाणी मागितलं, तर उठा. मधेच उठलं म्हणून पाट आजवर कोणावर कोपलेला नाही.