भट्टीवर कोण आहे?

बायको गौरम्माला जाऊन नऊ महिने झाले होते. पण ती गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे सिद्रामप्पांना कळलं ते एका मंगळवारी सकाळी, सोलापूरच्या बाळी वेशीत, चाळीसएक माणसांसमोर.

ते मडिवाळप्पाच्या ट्रकमागे उभे राहून पंख्याचा दांडा फिरवत होते. पंखा भट्टीत वारा घालत होता, भट्टीत लोणारी कोळसा होता आणि त्यातून इंजिन चालवणारा गॅस निघायला हवा होता. निघत होता धूर. तो आधी मडिवाळप्पाच्या चादरींच्या दुकानात शिरला, मग त्याच्या पांढऱ्या धोतरावर बसला.

"अण्णा," मडिवाळप्पा म्हणाला, "गाडी चालवाय बोलावलं व्हतं तुमाला. डास माराय न्हवं."

"दम धर की. तापाय येळ लागतो."

"धा वाजत आले. आता मीच तापाय लागलोय."

पेट्रोल दिवाळीपासून भडकलं होतं. मडिवाळप्पाची गाडी जर्मनच्या लढाईनंतर मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. चादरींचे गठ्ठे अक्कलकोटला पोचवून परत येईतो पंपावर दोनदा थांबायची, आणि दोन्ही वेळा उन्हाळ्यातल्या म्हशीसारखी प्यायची. अशात त्याला सिद्रामप्पांची गोष्ट आठवली. ती सगळ्या पेठेला पाठ होती. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा सिद्रामप्पांनी सोलापूर–अक्कलकोट बस तीन वर्षं कोळशाच्या गॅसवर चालवली होती. ही गोष्ट त्यांनी न्हाव्याकडे सांगितली होती, लग्नाच्या मांडवात सांगितली होती, गौरम्मा गेली तेव्हा भेटायला आलेल्यांनाही सांगितली होती.

"बोलताय तर करून दावा," मडिवाळप्पा म्हणाला होता.

भट्टी घरातच होती. लढाई संपल्यावर बसमालकानं ती फेकून दिली, तेव्हा गौरम्मानं उचलून आणली, राखेनं घासली आणि तिच्यात जोंधळे भरले. अठ्ठावीस वर्षं घरचे जोंधळे तिच्यातच असायचे. सिद्रामप्पांनी ते सगळे कॉटवर ओतले आणि तेव्हापासून ते स्वतः खाली झोपत होते.

आता ते दांडा फिरवत होते आणि गर्दीतून गिरणीतला रिटायर माणूस कुंडलिक पुढे आला. त्या बसचा हा जुना पासिंजर.

"भट्टीवर कोन हाय?" त्यानं विचारलं.

"मीच की."

"मग न्हाई व्हायची चालू."

"का रं?"

"अवो, आमी तिकीट काढायच्या आदी हेच इचारायचो. भट्टीवर कोन हाय? गौरव्वा हाय म्हनलं की बसायचो. न्हाई म्हनलं की चालत निगायचो. चालत लवकर पोचायचो."

लोक हसले. सिद्रामप्पाही हसले, पण जरा उशिरा.

त्यांना आठवलं. मालक क्लीनरला धड पगार देत नव्हता आणि काजळीला कंटाळून क्लीनर पळून जात होते. म्हणून गौरम्मा पहाटे जाऊन भट्टी पेटवायची आणि मागच्या पायरीवर बसून अक्कलकोटपर्यंत यायची. सिद्रामप्पा सहाला यायचे, भोंगा वाजवायचे, निघायचे. भट्टी पेटवणं म्हणजे चूल पेटवणं, त्यात काय बघायचं, असं त्यांना वाटे. त्यांच्या गोष्टीत गौरम्मा होती, नाही असं नाही. पण ती भाकरीचा डबा घेऊन यायची, तेवढीच.

"सोमवारपातूर बघतो," मडिवाळप्पा धोतर झटकत म्हणाला. "न्हाईतर भट्टी घरी न्या आन् जोंधळे भरा."

सिद्रामप्पांना गाडीशी देणंघेणं नव्हतं. पण बायकोचं काम तीस वर्षं आपल्या नावावर सांगितलं, ते निदान एकदा तरी आपल्याला यावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी अक्कलकोटला दिलेल्या लेकीला कार्ड टाकलं. दानम्मा शुक्रवारी यष्टीनं आली. कॉटवरचे जोंधळे बघून तिनं आधी पदर खोचला.

"आप्पा, कोळसा केवडा घातला व्हता?"

"होता तेवढा. चांगला डोक्याएवढा."

"अव्वा सुपारीएवढा फोडायची. आन् चाळायची. भुगा आत गेला की गाडी खोकती म्हनायची. वलसर कोळसा तर हातातबी धरायची न्हाई."

"हे तुला कसं ठावं?"

"मी सा वर्षांची व्हते. तिच्या मांडीवर बसून यायची की मी."

"मग इतकी वर्सं का बोलली न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?"

सिद्रामप्पांनी दोन दिवस अंगणात बसून खलबत्त्याच्या दांड्यानं कोळसा फोडला आणि जोंधळ्याच्या चाळणीनं चाळला. शेजारीपाजारी भिंतीवरून बघून गेले. शनिवारी भाकरी काळी झाली. रविवारी आमटीही काळी झाली. दानम्मानं दोन्ही खाल्ल्या. आईच्या वेळीही अशीच होत असे.

सोमवारी दोघांनी भट्टी पेटवली. दांडा दानम्मानं धरला. सावकाश फिरवायचा, घाई केली तर राख उडते, हे तिनंच सांगितलं. पाऊण तासानं तिनं नळीच्या तोंडाशी काडी धरली. बोटाएवढी निळी ज्योत उभी राहिली आणि न हलता जळत राहिली.

"हां," दानम्मा म्हणाली. "अशीच यायची."

सिद्रामप्पा ज्योतीकडे बघत राहिले. तीन वर्षं ही रोज पहाटे लागत होती आणि ते आज पहिल्यांदा बघत होते.

पेलाभर पेट्रोलवर इंजिन चालू केलं आणि गॅसवर घेतलं. गाडी थरथरली, शिंकली आणि चालू राहिली. मडिवाळप्पानं नारळ फोडला. कुंडलिक आला, त्यानं विचारलं, "भट्टीवर कोन हाय?" दानम्मा आहे म्हटल्यावर तो गठ्ठ्यांवर चढून बसला.

गाडी अक्कलकोट रस्त्याला लागली. चढावर सायकलवाले पुढे जात होते, पण उतारावर सिद्रामप्पांनी दोघांना गाठलं. मडिवाळप्पा शेजारी बसून प्रत्येक मैलाच्या दगडाला हात जोडत होता. कुंभारी गाव आलं. तिथे इंजिन खोकलं, गाडी दोन हिसके देऊन थांबली.

नळी उघडली तर आत काजळी ठासून भरलेली. भट्टी आणि इंजिन यांच्यामध्ये गॅस गाळायचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात सिद्रामप्पांनी काथ्या भरला होता. काथ्यातून सगळं खुशाल पुढे गेलं होतं.

"ह्यात अव्वा काय भरायची?"

दानम्मानं डबा हातात घेऊन आत बघितलं. मग म्हणाली, "ते भरायच्या येळंला मला पान्याला धाडायची, आप्पा."

त्यांनी गोणपाट भरून पाहिलं. गाडी दोन शेतं पुढे गेली. रस्त्याकडेची उसाची चिपाडं भरली, एक शेत. शेवटी सिद्रामप्पांनी गठ्ठ्यांकडे बघितलं.

"न्हाई," मडिवाळप्पा म्हणाला.

"एकच."

"अण्णा, बोहनीचा माल हाय."

"जुन्या डिझाइनची दे की."

मडिवाळप्पानं जुन्या डिझाइनची चादर शोधायला दहा मिनिटं लावली. तिच्यावर गाडी एक फर्लांग चालली. मग काही केल्या चालेना.

परत येताना गाडीला कुंभारीचे दोन बैल जुंपले होते. सिद्रामप्पा स्टिअरिंगवर ताठ बसले होते. वेशीतली माणसं बघत होती.

"ह्येला बी पेट्रोल लागत न्हाई," कुंडलिक गठ्ठ्यांवरून म्हणाला. "आन् काय गाळाय बी लागत न्हाई."

मडिवाळप्पा कधी नव्हे ते मऊ आवाजात म्हणाला, "कुंभारीपातूर तर गेली की, अण्णा."

"दानम्मानं नेली," सिद्रामप्पा म्हणाले. "आन् तिच्या आईनं. मी निस्ता भोंगा वाजवायचो."

हे ते पेठेत पहिल्यांदाच बोलले.

घरी आल्यावर भट्टी धुतली. दानम्मानं जोंधळे पुन्हा भरले आणि दुसऱ्या दिवशीच्या यष्टीनं ती गेली. सिद्रामप्पा पत्र्याचा डबा घेऊन उंबऱ्यावर बसले. गौरम्मा त्यात कांदे ठेवायची. भट्टीला लावण्याआधी आत एखादा धागा, एखादं सूत चिकटलेलं दिसतं का, हे बघायला हवं होतं, असं त्यांना आता वाटलं. पण बघूनही उपयोग झाला नसता. तिनं डबा असा लख्ख घासला होता की कांद्याचं सालसुद्धा त्याला चिकटायचं नाही.

एकदा तिनं बोलावलं होतं. अक्कलकोटच्या स्टँडवर, मागच्या पायरीवरून. "अवो, एकदा मागं येऊन बगा की. मी आजारी पडले तर?"

"डायवर मागं येत नसतो," ते म्हणाले होते, आणि त्यांनी भोंगा वाजवला होता.

कुंभारीहून परतल्यापासून सिद्रामप्पांनी जोंधळे पुन्हा कॉटवर ओतून, भट्टी पेटवून, डब्यात गिरणीतलं टाकाऊ सूत भरून पाहिलं आहे, जुनं लुगडं भरून पाहिलं आहे, लाकडाचा भुसा भरून पाहिला आहे. गौरम्मा त्या डब्यात काय भरत होती, ते विचारायचं राहून गेलं.